चौकटीबाहेरची दोन बोटं

मराठीत हेरांचे चित्रपट फारसे झाले नाहीत, कारण आपल्याकडे हेर टिकत नाही. गावात नवा माणूस उतरला की अर्ध्या तासात त्याला कोणीतरी मूळ गाव विचारतं, मग आडनाव, मग त्या आडनावाचे कराडला कोण आहेत ते, आणि चौथ्या प्रश्नाला परकीय सत्तेचं बिंग फुटतं. म्हणून सदुसष्ट साली आलेला 'धुक्यातला पाहुणा' आम्हा थोड्या लोकांना मोलाचा वाटतो. त्यातला हेर सव्वा तास टिकतो.

महाबळेश्वरच्या एका पोस्टमास्तरांच्या घरी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून एक तरुण राहायला येतो. मराठी अस्सल. कांदा बुक्कीनं फोडतो, चहा बशीत ओतून पितो, पाण्याच्या टाकीवरून नगरपालिकेला नावं ठेवतो. संशयाला जागाच नाही. पोस्टमास्तरांची मुलगी त्याच्या प्रेमात पडते. मग एका संध्याकाळी तो दारात पाठमोरा उभा राहून तिचा निरोप घेतो आणि म्हणतो, "जातो."

बस, एवढंच. मुलीच्या हातातला कंदील हलतो. आपल्यात घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. लहानपणी एकदा म्हटलं की आतून आवाज येतो, "येतो म्हणावं", आणि ती दुरुस्ती जन्मभर पुरते. या माणसाला ती कुणी केलेलीच नाही. म्हणजे हा आपल्यातल्या कुठल्याच घरात वाढलेला नाही. पुढचा सगळा चित्रपट ती हे पोलिसांना सांगते की नाही, यावर उभा आहे.

गेल्या वर्षी या चित्रपटाची नवी ब्लू-रे निघाली, आणि पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या त्रैमासिकानं माझ्याकडे लेख मागितला: घरी बघायच्या आजवरच्या चारही आवृत्त्यांची तुलना. साताऱ्यात कॉमर्स शिकवणाऱ्या माणसाकडे हे काम का आलं, तर आधीच्या तिघांनी नाही म्हटलं होतं. ब्लू-रे मी मागवली. चित्र इतकं लख्ख की धुकं म्हणजे उदबत्त्यांचा धूर आहे हे कळतं, आणि एका प्रसंगात तो पुठ्ठ्यानं पसरवणारा हातही डाव्या कोपऱ्यात दिसतो. डीव्हीडी माझ्याकडे होतीच. एका चकतीत तीन चित्रपट, त्यातला हा मधला. तिच्यात मात्र हेर दारात उभा राहून चक्क "येतो" म्हणतो. चित्र पाठमोरं, त्यामुळे कुणाचा तरी आवाज बेमालूम चिकटवलेला. त्यानंतर मुलगी विनाकारण रडते आणि पाऊण तास रडतच राहते. खाली इंग्रजी अक्षरं उमटतात, "आय ॲम कमिंग", आणि माणूस बाहेर निघून जातो. परदेशातल्या रसिकांनी मराठी माणसाबद्दल काय मत करून घेतलं असेल, याचा मी विचार टाळला.

व्हिडिओ कॅसेट होती आमच्या शेजारी, निवृत्त सुभेदार नाथाजी फडतरे यांच्याकडे. वय चौऱ्याहत्तर, पाठ अजून ताठ. गोडोलीत आमच्या गल्लीत निम्मी घरं माजी सैनिकांची, त्यामुळे सकाळी कचऱ्याची गाडीसुद्धा दबकत येते. नाथाजींची एक गोष्ट मला बरीच वर्षं कळली नव्हती. आठवडाभर ते रात्री साडेआठला जेवत. रविवारी मात्र दिवस मावळायच्या आत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, सवय. ती मिलिटरीची असावी असं मी गृहीत धरलं. आपल्याला न कळणारं सगळं मिलिटरीच्या खात्यात टाकायची आमच्या गल्लीत पद्धतच आहे.

कॅसेट त्यांनी एकोणनव्वद साली जालंधरला घेतली होती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाच्या दुकानात ती संगणकावर उतरवून घेतली, तेव्हा ते स्वतः मशीनशेजारी खुर्ची टाकून पहारा देत बसले. कॅसेटमध्ये धुकं अस्सल वाटत होतं, कारण कॅसेटवरच बुरशी होती. पण आवाज स्वच्छ आला: "जातो."

मी सहज म्हणालो की डीव्हीडीत हा "येतो" म्हणतो. नाथाजींचा चेहरा ऑर्डर ऐकल्यासारखा झाला.

"व्हीसीडीत बी तसंच हाय," ते म्हणाले.

तुम्ही कुठं पाहिली, असं विचारल्यावर त्यांनी कॅसेट डबीत घातली, डबी पिशवीत घातली आणि पिशवीचे बंद दोनदा बांधले. मग सांगलीत विश्रामबागेला 'ब्राह्मी इलेक्ट्रिकल्स' नावाचं दुकान आहे, तिथल्या माणसाकडे ती असंल, एवढं सांगितलं. माणसाचं नाव सांगितलं नाही. माझं नाव काढू नका, असंही म्हणाले.

सांगलीला मी एका बुधवारी गेलो. दुकान बंद होतं, वरच्या घराचं दार उघडं. भरतेश मगदूम पुस्तकांच्या खोक्याला सुतळी बांधत होते. सत्तरीचे, गोरे, गोल चष्म्याचे. मुलगी ब्राह्मी बंगळुरूला असते. तिनं तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर यांच्यासाठी घर घेतलंय आणि येत्या आठ तारखेला सामान हलणार, असं त्यांच्या पत्नी आक्काताईंनी मला पाणी देता देताच सांगितलं. कानडी दोघांनाही येतं, त्यामुळे भाजीवाल्याशी अडचण नाही. अडचण कुणाशी आहे ते त्यांनी सांगितलं नाही, पण पाच-सहा खोक्यांवर नावं घालून झाली होती आणि एक छोटं खोकं तसंच कोरं होतं. व्हीसीडी त्यातच निघाली.

व्हीसीडीच्या दोन चकत्या होत्या. पहिली बरोबर मुलगी कंदील उचलते तिथं संपते. हेराला निरोप द्यायला आपण उठून दुसरी चकती घालायची. घातली. हेर "येतो" म्हणाला. चित्र टीव्हीत बसवताना चारी बाजूंनी कापलेलं होतं, इतकं की निम्म्या चित्रपटात पोस्टमास्तर म्हणजे एक कानच होता. मी वहीत टिपणं घेत होतो. सातारा म्हटल्यावर भरतेशअण्णांनी सुतळीची गाठ अर्धवट सोडली. मग म्हणाले, साताऱ्याचा एक सुभेदार होता.

मी नाव काढलं नव्हतं. माझा शब्द मी पाळला.

पुढचं त्यांनी सुतळी बांधता बांधता सांगितलं. हे दुकान तेव्हा 'ब्राह्मी व्हिडिओ' होतं. सुभेदार फौजेतून सुटून इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यावर सिक्युरिटीला लागला होता. घरची मंडळी साताऱ्यात, हा क्वार्टरमध्ये एकटा. दर रविवारी एसटीनं सांगलीला यायचा, दोघं मिळून एक चित्रपट बघायचे आणि त्यावर भांडायचे. मगदुमांकडे दिवस मावळायच्या आत जेवण, त्यामुळे पाचला ताटं वाढली जायची, तीन ताटं. अशी पाच वर्षं.

मी वहीत लिहायचं थांबलो. मिलिटरीच्या खात्यातली एक नोंद चुकलेली होती.

दोन हजार चार साली ही व्हीसीडी निघाली. मगदुमांनी हा चित्रपट तिच्यातच पहिल्यांदा पाहिला. सुभेदार म्हणाला, यात खोट आहे, साताऱ्याला घरी माझी कॅसेट आहे, तिच्यात हेर 'जातो' म्हणतो. मगदूम म्हणाले, माझ्या कानांनी आत्ता ऐकलं. सुभेदार म्हणाला, 'येतो' म्हटलं तर पोरगी रडती कशाला. मगदूम म्हणाले, प्रेमात पडली म्हणून. सुभेदार म्हणाला, तुला पिक्चर कळत नाही. ज्यानं सांगली शहराला वीस वर्षं पिक्चर पुरवले, त्याला हे त्याच्याच घरात, त्याच्याच सोफ्यावर ऐकावं लागलं. मगदूमही मग बोलायचं ते बोलले. फौजेत गोळ्यांच्या आवाजानं कान जातात, असं काहीसं.

"तर उठला," भरतेशअण्णा म्हणाले. "दारात गेला. हात असा चौकटीवर ठेवला, दोन बोटं वाजवली, टक टक. आणि मागं वळून न बघता म्हणाला, जातो."

आक्काताई म्हणाल्या की त्यांनी स्वयंपाकघरातून लगेच सांगितलं होतं, भाऊजी, येतो म्हणा. तोवर जिन्यावरून बूट वाजत गेले होते.

"गड्याला कळत न्हवतं का काय म्हणतोय ते?" भरतेशअण्णा म्हणाले. "शत्रूच्या घरातनं उठतानासुद्धा माणूस येतो म्हणतो. मी फोन केला न्हाई. जातो म्हणून गेलेल्याला कुठं म्हणून फोन करायचा?"

एकवीस वर्षं. सुतळी तोडायला त्यांनी कात्री मागितली, आणि आक्काताईंनी ती देताना माझ्याकडे पाहिलं. आठ तारीख बारा दिवसांवर होती.

परतीच्या एसटीत मला इस्लामपूरपर्यंत काहीतरी खटकत होतं आणि कराडला ते काय आहे ते कळलं. घरी येऊन ब्लू-रे लावली. हेर दारात पाठमोरा. उजवा हात चौकटीवर, पडद्याच्या अगदी कडेला. दोन बोटं उठतात, टक टक. "जातो." कॅसेटवरून उतरवलेलं लावलं: कडेला अर्धा पंजा, बुरशीसकट. डीव्हीडीत हात नाही. व्हीसीडीच्या टिपणात मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'चारी बाजूंनी कापलेली.' ज्या कंपनीनं ती काढली, तिनं शब्द शुभ करून घेतला होता आणि हात छाटला होता.

मी शेजारी गेलो. नाथाजी पेपर वाचत होते. त्या दिवशी सांगलीत निघताना तुम्ही काय म्हणालात, असं मी सरळ विचारलं. नाव काढू नका म्हणाले होते, तेवढं पथ्य सांगलीत पाळून झालं होतं.

"काय म्हणायचंय? त्याला पटंना, म्हणून ॲक्टिंग करून दावली. हात ठिवून, बोटं वाजवून. जसंच्या तसं. म्हटलं, आता तरी ट्यूब पेटंल."

आणि 'जातो' म्हणालात, मी म्हणालो.

"मी कुठं म्हनलो? त्यो हेर म्हनला."

मग मी त्यांना सांगितलं की मगदुमांच्या चकतीत हेराचा हात नाही. त्यांनी तो आजवर पाहिलेलाच नाही. त्यांना दिसला तो फक्त एक सुभेदार, जो पाच वर्षांच्या जेवणावरून उठून 'जातो' म्हणाला.

नाथाजींनी पेपराची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. आणि विचारलं, वहिनी काही बोलल्या का. मी सांगितलं. जिन्यात नाथाजींना तो आवाज ऐकू आला होता. पण हेर मागं वळून बघत नाही, म्हणून त्यांनीही पाहिलं नव्हतं. खालच्या पायरीवर थांबून, भरतेश हसत हसत खाली येईल म्हणून वाट मात्र पाहिली होती. मग एसटीची वेळ झाली. पोचलास का म्हणून फोन येईल असं वाटलं. रात्री पावसानं लाइन गेली असेल असं वाटलं. पुढच्या रविवारी कारखान्यावर ऊसवाल्यांचं आंदोलन होतं. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना राग आला, आणि राग एकदा ड्यूटीवर उभा राहिला की त्याला बदली द्यायला कोणी येत नाही.

मी म्हणालो, रविवारी सांगलीला जाऊ. ते म्हणाले, त्यानं बोलवायला पायजे. आठ तारखेचं सांगितलं, बंगळुरूचं सांगितलं. तरी तेच. मी घरी गेलो, कॉलेजचं लेटरहेड काढलं आणि टाईप केलं: 'धुक्यातला पाहुणा' या चित्रपटाच्या तुलनात्मक परीक्षणाकामी कॅसेटधारक या नात्याने आपण रविवारी दुपारी तीन वाजता सांगली येथे समक्ष हजर राहावे. खाली जावक क्रमांक घातला, सही केली, गोल शिक्का मारला. शिक्का जिमखान्याचा होता. नाथाजींनी पत्र दोनदा वाचलं.

"लेखी हाय म्हटल्यावर जावं लागंल," ते म्हणाले.

रविवारी सकाळी ते इस्त्रीच्या कपड्यात, बूट चकाकत, फाटकाशी माझ्या आधी उभे. माझ्या पिशवीत ब्लू-रेचा प्लेयर, त्यांच्या पिशवीत कॅसेट. तिची गरज नव्हती. एसटीत त्यांनी तीन तासांत दोनच वाक्यं उच्चारली, त्यातलं एक कंडक्टरशी.

सांगलीत सोफा खोक्यांनी भरला होता, म्हणून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टीव्हीसमोर. भरतेशअण्णांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की परीक्षणाला कॅसेटधारकही येतील. ते दारात आले, नाथाजींकडे पाहिलं आणि मला म्हणाले, बसा म्हणावं. नाथाजी मला म्हणाले, बसतो म्हणून सांगा. दोघांमध्ये दीड हात अंतर होतं आणि मी त्या अंतराचा पोस्टमास्तर झालो. केस गेले सगळे, असं एकानं माझ्याकडे बघून म्हटलं. तुमचे होते कवा, असं दुसऱ्यानं माझ्याकडे बघून म्हटलं. माझे केस व्यवस्थित आहेत.

चित्रपट लावला. कांदा फोडायच्या प्रसंगाला दोघंही एकदम, एकाच जागी, नाकातून हसले आणि लगेच गंभीर झाले. आक्काताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग ती संध्याकाळ आली. कंदील. दार. पाठमोरा हेर. कडेला हात. टक टक.

"जातो."

भरतेशअण्णांनी रिमोट मागितला आणि मागं घेतलं. परत टक टक. परत मागं घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी चित्र थांबवलं, खुर्चीतून उठले, चष्मा पुसून टीव्हीजवळ गेले, आणि पडद्याच्या कडेला, त्या दोन बोटांवर, स्वतःचं बोट टेकवलं.

"अहो," आक्काताई म्हणाल्या, "हा भाऊजींचाच हात की."

नाथाजी बुटांकडे बघत होते. "त्याची ॲक्टिंग केली हुती," ते म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघून नाही. "वाटलं, तुला कळंल. येवढे पिक्चर बघितल्याला माणूस."

भरतेशअण्णा वळले नाहीत. त्यांचं बोट पडद्यावरच होतं.

"आमच्या चकतीत हात न्हवताच की रं," ते म्हणाले.

पुढचा चित्रपट आम्ही नीट पाहिला नाही. टीव्हीवर मुलगी पोलिस ठाण्याच्या पायऱ्या चढत होती, उतरत होती, आणि इकडे एकवीस वर्षांतलं सगळं निघत होतं: नाथाजींची पत्नी गेली ते, ब्राह्मीचं लग्न झालं ते. दोन्ही वेळेला पत्र लिहून फाडलं होतं, दोन्हीकडून. ताटं पाचला वाढली गेली. खोक्यांवर वर्तमानपत्र अंथरून. कांदा-लसणाशिवायची आमटी, ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची उसळ. नाथाजींनी मीठ न विचारता हात लांब करून घेतलं. ते अजून त्याच फळीवर होतं. बांधाबांधीत मिठाची बरणी शेवटची जाते, हे आक्काताईंचं धोरण.

जेवता जेवता नवा वाद निघाला. भरतेशअण्णांचं म्हणणं, पोरीनं पोलिसांना सांगायलाच नको होतं. नाथाजी म्हणाले, सांगलीकर शेजारी असले तर देशाचं कसं व्हायचं. आक्काताई म्हणाल्या, खाताना बोलू नका. तिघांनाही हे सगळं पाठ होतं, असं दिसलं.

सहाची एसटी गाठायची म्हणून मी प्लेयर पिशवीत भरला. नाथाजींनी बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि दारात जाऊन उभे राहिले. आणि तिथंच थांबले.

त्यांची अडचण मला हळूहळू कळली. 'जातो' म्हणणं शक्य नव्हतं. 'येतो' म्हणावं, तर व्हीसीडी बरोबर ठरत होती. भरतेशअण्णांनाही ते कळलं असावं, कारण ते खुर्चीतून वाकून, हनुवटी मुठीवर ठेवून, निकाल ऐकायच्या तयारीत बसले होते. नाथाजींचा उजवा हात चौकटीकडे गेला आणि मधेच खाली आला. आक्काताई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. एसटीला पंधरा मिनिटं होती. मग चौदा.

"वहिनी," नाथाजी म्हणाले, "खोकी किती बांधायची ऱ्हायलीत?"

बरीच, त्या म्हणाल्या. माळा अजून तसाच आहे.

नाथाजी उंबऱ्याशी खाली बसले आणि नाड्या सोडू लागले.

"मग जातच न्हाई," ते म्हणाले. "आठ तारखेपातूर हितं हाय. तिकडं उतरवायला बी माणूस लागंलच की. मास्तर, माझ्या गॅसचं बटन बघा तेवढं घरी गेल्यावर."

भरतेशअण्णा म्हणाले, या वयात माळ्यावर चढणार का. नाथाजी म्हणाले, खालून ऑर्डर देणार, चढायचंय तुला. मग त्यांनी कॅसेटची पिशवी काढली, बंद सोडले आणि ती डबी त्या नाव नसलेल्या खोक्यात, व्हीसीडीच्या शेजारी ठेवली. भरतेशअण्णांनी मार्कर घेतला, खोक्यावर काहीतरी लिहायला लागले, आणि काय लिहायचं यावरून पुन्हा सुरू झालं.

मी दारातून "येतो" म्हणालो. कोणाचं लक्ष नव्हतं.